फळबाग रोगनियंत्रण समितीची निवडणूक : पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

फळझाडांवरच्या रोगाला बांध कळत नाही. एकाने वेळेवर छाटणी केली, रोगट फांद्या जाळल्या, फवारण्या चुकवल्या नाहीत आणि शेजारच्याने बाग तशीच सोडून दिली, तर पहिल्याची मेहनत पाण्यात जाते. म्हणून जिथे फळबागा दाटीने आहेत तिथे सगळ्यांनी मिळून रोग आवरण्याचा विषय आज ना उद्या निघतोच आणि त्यासाठी स्थानिक समिती निवडायचे ठरते. ती निवडणूक घेण्याचे काम ज्यांच्या अंगावर पहिल्यांदाच आले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

या समितीचे काम नाजूक असते. तिची माणसे दुसऱ्याच्या बागेत जाऊन झाडे तपासणार, वर्गणी ठरवणार आणि वेळ पडली तर फळावर आलेले झाड मुळासकट काढायला सांगणार. ज्याचे झाड जाणार, तो पहिला प्रश्न हाच विचारतो : ‘यांना निवडून कोणी दिलं?’ त्याला कागद समोर ठेवून उत्तर देता आले पाहिजे. निवडणुकीचा प्रत्येक नियम लिहिताना या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवा.

आधी रोग, मग हद्द, मग अधिकार

पहिले काम कायदा पाहण्याचे. काही ठिकाणी अशा समित्यांसाठी स्वतंत्र कायदा किंवा नियमावली असते. न्यूझीलंडमध्ये सफरचंद आणि नासपतीवरचा फायर ब्लाइट १९१९ साली सापडला आणि १९२२ साली तिथे केवळ या एका रोगासाठी वेगळा कायदा झाला. तुमच्याकडे असे काही असेल तर मतदार कोण, मुदत किती, निकाल कोणी जाहीर करायचा हे सगळे तिथूनच घ्या. सभेत ठराव करून कायद्याची कलमे बदलता येत नाहीत. कायदा नसेल तर समिती संमतीवर उभी राहते. मग प्रत्येक बागायतदाराकडून सभासद होतानाच लेखी संमती घ्या, की तपासणीसाठी बागेत येऊ देईन, ठरलेली वर्गणी भरीन आणि समितीचा आदेश पाळीन. तो कागद हातात नसेल तर निवडून आलेल्या समितीलाही दुसऱ्याच्या कुंपणाच्या आत पाऊल टाकता येणार नाही.

दुसरे, समिती कोणत्या रोगासाठी आहे ते नावानिशी लिहा. ‘फळझाडांवरील सर्व रोग’ असे लिहिण्याचा मोह होतो, तो टाळावा. रोग कसा पसरतो त्यावर हद्द ठरते आणि हद्दीवर मतदार यादी. फायर ब्लाइटचे जिवाणू वसंतात जुन्या जखमांमधून चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर येतात आणि पाऊस, माश्या, मधमाश्या यांच्याबरोबर फुलांपर्यंत पोचतात. लिंबूवर्गीय झाडांवरचा खैऱ्या वाऱ्यासह येणाऱ्या पावसाने लांबवर उडतो. लिंबूवर्गीय झाडांच्याच ग्रीनिंग या रोगाचा जिवाणू सायला नावाच्या बारीक किडीच्या अंगातून आणि रोगट झाडाच्या डोळ्याने केलेल्या कलमांतून फिरतो, आणि ग्रीनिंग झालेले झाड कित्येक महिने वरून निरोगी दिसते. म्हणून हद्द आखताना गावाची शीव बाजूला ठेवून नकाशावर सलग बागांचा पट्टा पाहा. नदीपलीकडची बाग दुसऱ्या गावात असली तरी रोगाच्या हिशेबात ती तुमचीच असेल, तर तिला आत घ्या.

अधिकारांचे कलम थोडक्यात पण ठाम हवे. तपासणी कधी करायची, आदेशानंतर किती दिवसांत झाड काढायचे, न काढल्यास कोण काढणार आणि खर्च कोणाचा, दाद कुठे मागायची. निवडणुकीआधी हे सभेत वाचून दाखवा. आपण कशासाठी मत देतो आहोत हे मतदाराला आधी कळले पाहिजे.

मतदार यादी

निम्म्याहून अधिक भांडणे इथेच होतात, आणि इथे दिलेला वेळ पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

सुरुवात ‘बागायतदार कोण’ या व्याख्येपासून करा. किमान क्षेत्र किंवा किमान झाडांची संख्या ठरवा. क्षेत्रापेक्षा झाडे मोजणे मला बरे वाटते, कारण दाट लागवडीच्या छोट्या बागेतही झाडे भरपूर असतात आणि रोगाला खाद्य झाडांचेच मिळते. झाडाचे वय काहीही असो, वाण कोणताही असो, ज्या झाडाला हा रोग होऊ शकतो ते मोजायचे.

मग येतो मालक की कसणारा हा प्रश्न. बाग एकाच्या नावावर आणि राबणारा दुसरा, असे सर्रास असते. झाड तोडण्याचा फटका मालकाला, रोज झाडाखाली असतो तो कसणारा. सगळ्यात सोपा तोडगा म्हणजे प्रत्येक बागेला एकच मत आणि ते कोण देणार हे मालकाने यादीच्या वेळीच लेखी कळवायचे. कळवले नाही तर मत मालकाचे. मतदानाच्या दिवशी दारात उभे राहून हा वाद सोडवायची पाळी येऊ देऊ नका.

एकत्र मालकीच्या बागांचे उदाहरण जरा जवळून पाहू. दोन भावांची बाग आहे, कागदावर दोघांचीही नावे, मधे कुंपण नाही. धाकटा म्हणतो आम्ही वाटणी करून घेतली आहे, पूर्वेच्या ओळी माझ्या, म्हणून मते दोन. थोरला म्हणतो वाटणी तोंडी आहे, मत एक आणि ते माझे. हरकतीच्या सुनावणीत घराण्याच्या इतिहासात शिरू नका. तीनच गोष्टी विचारा : वर्गणी वेगवेगळी भरणार का, तपासणीची नोटीस वेगवेगळी घेणार का, आणि दोन्ही भाग स्वतंत्रपणे किमान झाडांची अट पुरी करतात का. तिन्हींना ‘हो’ असेल आणि दोघेही सही करत असतील तर दोन मते. नाहीतर एक, आणि ते कोणी द्यायचे हे त्यांनी ठराविक तारखेपर्यंत मिळून कळवायचे. निर्णय दोन ओळींत लिहा, तारीख घाला, दोघांच्याही हातात प्रत द्या. असाच दुसरा वाद आला की तीच फूटपट्टी लावा. मालक वारला आहे आणि कागद अजून त्याच्याच नावावर आहे, अशा बागेचेही असेच : वारसांनी एक प्रतिनिधी लिहून द्यावा. बऱ्याचदा बाग प्रत्यक्षात घरातल्या बाईच्या हाती असते आणि नाव मात्र कुठेच नसते. अशा वेळी तिचे नाव प्रतिनिधी म्हणून येईल, हे यादी करणाऱ्यांनी स्वतःहून सुचवावे.

एक बाग एक मत ठेवायचे की क्षेत्राप्रमाणे जास्त मते द्यायची? मोठा बागायतदार म्हणेल, वर्गणी मी जास्त भरतो. त्याचे म्हणणे खोटे नाही. पण क्षेत्राप्रमाणे मते दिली तर दोन-तीन मोठ्या बागा मिळून सगळी समिती आपली करू शकतात, आणि मग लहान बागायतदार तपासणीसाच्या तोंडावर फाटक लावून घेतो. माझे मत स्पष्ट आहे : सदस्य निवडताना एक बाग एक मतच असावे. वर्गणी वाढवणे किंवा सक्तीने बागा काढणे अशा खर्चिक ठरावांना मात्र दुहेरी बहुमताची अट घाला. म्हणजे मतदान करणाऱ्या निम्म्याहून अधिक बागांचा पाठिंबा हवा, आणि त्या बागांखालचे क्षेत्रही मतदान करणाऱ्या एकूण क्षेत्राच्या निम्म्याहून अधिक भरले पाहिजे.

बागायतदार नसलेल्यांचे काय? हा प्रश्न नवखे लोक विसरतात. परसातले एक लिंबाचे झाड खैऱ्या पसरवायला पुरेसे असते. न्यूझीलंडच्या त्या फायर ब्लाइट प्रकरणात कळीचा मुद्दा हॉथॉर्नच्या कुंपणांचा होता. हे झुडूप त्याच रोगाला बळी पडते आणि ते लावलेले होते बागा नसलेल्या शेतकऱ्यांनी. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या ओकानागन खोऱ्यात सफरचंदातल्या कॉडलिंग मॉथ या किडीविरुद्ध १९९४ साली वांझ पतंग, म्हणजे ज्यांच्याशी जोडी जमली तरी पुढची पिढी होत नाही असे पतंग, सोडायला सुरुवात झाली. त्या योजनेचा खर्च बागायतदारांबरोबर इतर मालमत्ताधारकांच्या करातूनही होतो आणि म्हणून तिच्या मंडळात बागायतदारांच्या प्रतिनिधींबरोबर स्थानिक संस्थांचे निवडून आलेले लोकही बसतात. यातून घेण्यासारखी गोष्ट अशी की ज्याच्याकडून पैसे किंवा झाड मागणार, त्याला समितीत आवाज हवा. परसातल्या झाडांच्या मालकांची वेगळी यादी करून त्यांना एक राखीव जागा देणे हा मला पटलेला मार्ग आहे. त्यांना सर्वसाधारण यादीत मिसळले तर त्यांची संख्या बागायतदारांना गिळून टाकेल. वगळले तर आदेश पाळायला कोणी तयार होणार नाही.

कच्ची यादी तयार झाली की ती लोकांच्या नजरेस पडेल अशा जागी लावा आणि हरकतींसाठी निदान पंधरा दिवस द्या. यादीत नावाबरोबर बागेचा ठिकाणा, झाडांची संख्या आणि मत देणाऱ्याचे नाव असावे. बाहेरगावी राहणाऱ्या मालकांना पत्र पाठवा आणि पाठवल्याची पोच जपून ठेवा. पडीक टाकलेल्या बागा बहुधा यांच्याच असतात आणि रोगाचे घरही तिथेच असते. शेवटी पक्की यादी जाहीर करा आणि तिथून पुढे मतदान होईपर्यंत तिच्यात एकही नाव घालू नका, काढू नका. ओळखीचे कोणी कितीही गळ घालो.

जागा, गट आणि कोणी उभे राहू नये

सदस्यसंख्या विषम ठेवा. पाच ते नऊ पुरेत. जास्त झाले की तातडीच्या वेळी एकत्र येत नाहीत. हद्दीचे गट पाडून प्रत्येक गटातून एक सदस्य निवडला तर प्रत्येक पट्ट्यातली बातमी समितीपर्यंत पोचते. सगळे एकाच टोकाचे निवडून आले तर दुसऱ्या टोकाला लागलेला रोग कळेपर्यंत बहर उलटून जातो. गट आखताना बागांची संख्या साधारण सारखी यावी, एवढे पाहा.

वनस्पती रोगशास्त्राचा जाणकार समितीत हवाच, पण सल्लागार म्हणून, मताविना. रोग आहे की नाही हे तो सांगेल. झाड काढायचे की नाही, हे निवडून आलेल्यांनी ठरवायचे आणि त्याची जबाबदारीही त्यांनीच घ्यायची.

अपात्रतेची यादी लहान ठेवा पण सैल ठेवू नका. वर्गणी थकवलेला, समितीचा आदेश मोडलेला आणि ज्याच्याविरुद्ध सुनावणी चालू आहे असा माणूस उमेदवार नसावा. औषध विक्रेते आणि रोपवाटिकाचालक यांच्याबाबत विचार करून नियम करा. फवारणी कोणत्या औषधाची करायची आणि काढलेल्या झाडांच्या जागी रोपे कुठून आणायची, हे दोन्ही निर्णय समितीच घेते. रोपवाटिकावाल्याचे ज्ञान मोलाचे असते, त्याला सरसकट बाहेर ठेवणे मला योग्य वाटत नाही. पण उमेदवारी अर्जातच त्याने आपला धंदा जाहीर करावा आणि त्या विषयावर मत देणार नाही असे लिहून द्यावे.

वेळापत्रक आणि अर्ज

निवडणूक फुलोऱ्यात आणि तोडणीच्या हंगामात घेऊ नका. त्या दिवसांत लोक येत नाहीत. शिवाय फायर ब्लाइटसारख्या रोगाचा हल्ला फुलोऱ्यातच होतो, तेव्हा समिती आधीच कामाला लागलेली असली पाहिजे. झाडे विश्रांतीत असतात तो काळ उत्तम. तेव्हा निवडलेल्या समितीला छाटणीच्या वेळी पहिली तपासणी करता येते.

निवडणूक निर्णय अधिकारी हद्दीबाहेरचा नेमा. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, कोणीही चालेल, फक्त त्याची किंवा त्याच्या जवळच्या नातलगाची बाग या पट्ट्यात नसावी. त्याच्या हाताखाली तारखा ठरवा : पक्की यादी, अर्ज, छाननी, माघार, मतदान, मोजणी. अर्जापासून मतदानापर्यंत तीन आठवडे ठेवले तर घाई होत नाही.

उमेदवारी अर्ज एका पानाचा असावा. उमेदवाराचे नाव, गट, यादीतला क्रमांक, सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्या, उमेदवाराची संमती आणि हितसंबंधांची घोषणा. छाननीत अर्ज फेटाळला तर कारण लिहून द्या. सही राहिली, क्रमांक चुकला अशा बाबी दुरुस्त करायला एक दिवस द्यावा. किरकोळ चुकीवरून माणूस बाहेर गेला की त्याचा पट्टाच्या पट्टा समितीपासून तुटतो.

एका जागेसाठी एकच अर्ज राहिला तर बिनविरोध जाहीर करा. अर्जच आला नाही तर मुदत एकदा वाढवा, आणि तरीही जागा रिकामी राहिली तर त्याच गटातला माणूस समितीने स्वीकृत करून घ्यावा.

मतदान आणि मोजणी

मतदान गुप्तच हवे. हात वर करून निवड करणे सोपे पडते, पण शेजाऱ्याच्या समोर त्याच्याविरुद्ध हात वर करायला लोक कचरतात, आणि उद्या याच शेजाऱ्याची बाग तपासायची असते.

गटवार वेगळ्या रंगाच्या मतपत्रिका छापा, नावे आडनावाच्या वर्णानुक्रमाने घाला. मागच्या बाजूला अधिकाऱ्याची सही असेल तीच मतपत्रिका खरी. पेटी उघडी करून सगळ्यांना रिकामी दाखवा, मग सील करा. दुसऱ्याच्या वतीने मत देण्याची मुभा ठेवायची असेल तर लेखी मुखत्यारपत्र आधीच्या दिवसापर्यंत मागा आणि एका माणसाकडे एकापेक्षा जास्त मुखत्यारपत्रे मान्य करू नका.

एक सूचना या निवडणुकीपुरतीच लागते, पण विसरू नका. रोगट फांदी, पाने, फळे मतदानाला घेऊन येऊ नका, असे नोटिशीत ठळक लिहा. ‘हे बघा, आमच्याकडे काय झालंय’ म्हणत लोक फांदी घेऊन येतातच. फायर ब्लाइटची कोवळी फांदी मेंढपाळाच्या काठीसारखी टोकाशी वाकलेली असते आणि ओलसर हवेत तिच्यावर फिकट पिवळसर थेंब चमकतात. त्या थेंबांत जिवाणू खच्चून भरलेले असतात. तीच फांदी हातोहात फिरली, त्याच हातांनी संध्याकाळी कात्री धरली, की झाले. मतदानाची जागा बागांपासून दूर ठेवा. फांदीचा फोटो दाखवायला हरकत नाही.

मोजणी उमेदवारांच्या समोर, त्याच दिवशी. मतपत्रिका आधी रंगाप्रमाणे वेगळ्या करा, मग उलगडून एकेक मोठ्याने वाचा. खूण दोन नावांवर असेल किंवा कोणत्याच नावावर नसेल तर ते मत बाद. खूण चौकटीच्या थोडी बाहेर गेली आहे, पण कोणाला मत द्यायचे ते स्पष्ट दिसते, असे मत मोजा. बाद मतपत्रिका वेगळ्या पाकिटात ठेवून प्रत्येकीवर कारण लिहा. मते समान पडली तर सर्वांसमोर चिठ्ठी टाका. फेरमोजणी मागायची मुदत आधीच ठरलेली असावी. सगळ्या मतपत्रिका सील करून हरकतीची मुदत संपेपर्यंत अधिकाऱ्याच्या ताब्यात राहतील, उमेदवाराच्या घरी नव्हे.

निवडून आल्यानंतरचे नियम

हे नियमही निवडणुकीपूर्वीच लिहिलेले हवेत.

मुदत तीन वर्षांची ठेवा आणि दरवर्षी एक तृतीयांश जागांची निवडणूक घ्या. पहिल्या वेळी कोण एका वर्षाने आणि कोण दोन वर्षांनी निवृत्त होणार, हे चिठ्ठीने ठरवा. सगळी समिती एकदम बदलली तर कोणत्या बागेत कोणत्या ओळीत काय सापडले होते, हे सांगणारे कोणी उरत नाही. मधेच जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक, आणि मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी उरली असेल तर स्वीकृत सदस्य. लागोपाठ तीन सभांना न येणाऱ्याची जागा रिकामी समजावी.

स्वतःच्या, भावाच्या किंवा लगतच्या बागेचा विषय आला की सदस्याने बैठकीतून उठून जावे आणि तसे इतिवृत्तात लिहावे. लगतच्या बागेचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण शेजाऱ्याची झाडे गेली तर फायदा होणारा पहिला माणूस तोच असतो.

गणसंख्या निम्म्याहून एक जास्त ठेवा. पण रोग गणसंख्येची वाट पाहत नाही. त्यासाठी अध्यक्ष आणि त्या गटाचा सदस्य अशा दोघांना तातडीचा मर्यादित अधिकार द्या : रोगट फांदी दिसणाऱ्या खुणेच्या निदान २० ते ३० सेंटिमीटर खालून कापायला सांगणे, नमुना प्रयोगशाळेत पाठवणे, त्या बागेतून रोपे आणि कलमांच्या काड्या बाहेर जाऊ न देणे. अख्खे झाड काढण्याचा आदेश मात्र पूर्ण समितीचाच.

दाद मागण्याची वाट उघडी ठेवा, आणि भरपाईचा नियम आदेशाआधी करा. फ्लोरिडात खैऱ्याच्या निर्मूलनासाठी रोगट झाडापासून १,९०० फुटांच्या आतली निरोगी दिसणारी लिंबूवर्गीय झाडेही काढायचा नियम केला गेला. घराघरांच्या परसातली झाडे तोडली गेली आणि मालक न्यायालयात गेले. ते खटले चालू असताना मोहीम अडखळत राहिली. पुढे चक्रीवादळांनी रोग दूरदूर पसरवला आणि २००६ साली निर्मूलनाचा प्रयत्नच थांबवावा लागला. त्या अंतरामागे रोग किती लांब जातो याचा अभ्यास होता. पण ज्यांची झाडे जाणार होती त्यांना तो निर्णय आपला वाटला नाही. याउलट पेनसिल्व्हेनियात १९९९ साली पीच-प्लमवर प्लम पॉक्स विषाणू सापडला, रोगट बागांबरोबर आसपासच्याही बागा काढल्या, बागायतदारांना भरपाई दिली आणि दहा वर्षांनी ते राज्य या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. दोन रोगांची तुलना सरळसोट करता येत नाही, तरी भरपाई आधी ठरली असेल तर झाड काढायला सांगणे सोपे जाते, एवढे नक्की.

पहिली बैठक निकालानंतर सात दिवसांत घ्या. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार निवडा, बँकेत दोन सह्यांचे खाते उघडा, वर्गणीचा दर ठरावाने पक्का करा. मग नकाशा टेबलावर पसरून प्रत्येक गटाची पहिली तपासणी कोण, कोणत्या तारखेला करणार ते लिहून काढा आणि त्याची प्रत, सदस्यांच्या नावांसह, मतदार यादी लावली होती त्याच जागी लावा. तपासणीला जाताना प्रत्येक बागेत शिरण्यापूर्वी कात्री निर्जंतुक करायची, हेही त्याच कागदावर लिहा.